मेलेल्या कुंडीतलं आरारूट

पहिलं आरारूट मी मारलं अशी माझी जवळजवळ तीन महिने पक्की खात्री होती. आधी खालची पानं पिवळी पडली, मग कडा करपल्या, मग एकेक देठ मान टाकत गेला आणि त्या काळात जे जे करू नये ते सगळं मी अगदी मन लावून केलं. पाणी वाढवलं. मग वाटलं जास्तच झालं, म्हणून एकदम बंद केलं. मग खत घातलं. मग कुंडी उन्हात सरकवली, दोन दिवसांनी परत सावलीत आणली. आजारी माणसाची उशी सारखी इकडून तिकडे करतात ना, तसं. शेवटी कुंडीत वाळलेल्या काड्यांशिवाय काही उरलं नाही तेव्हा त्या काड्या मुळापाशी कापल्या, कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात ढकलली, तिच्यावर दोन रिकाम्या कुंड्या रचल्या आणि विषय संपवला.

तीन महिन्यांनी मला दुसऱ्या एका झाडासाठी माती हवी होती, म्हणून ती कुंडी उपडी केली. मातीचा गोळा अख्खा बाहेर आला आणि त्याच्या कडेने, कुंडीच्या भिंतीला चिकटून, पांढरेशुभ्र, टोकदार, खवल्यांचे कपडे घातलेले कंद दाटीवाटीने बसलेले! तळातले दोन-तीन कुजले होते (माझ्या पाण्याची कृपा), बाकीचे टणक. काहींना तर डोळे फुटून कोंब आलेले. म्हणजे झाड मेलं नव्हतंच, त्याचं वरचं काम संपलं होतं फक्त. वर्षभर पानांनी जे कमावलं ते खाली नेऊन ठेवलं आणि पानांना सुट्टी दिली. मी त्या सुट्टीलाच आजार समजून औषधपाणी करत बसले होते.

तेव्हा घरात आरारूट लावायचं असेल त्यांच्यासाठी ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, कारण बाकीची सगळी माहिती कुठेही मिळते पण हे कोणी ठसवून सांगत नाही. हे झाड साधारण दहा-बारा महिन्यांनी वरून मरतं. ते तसंच असतं. घाबरायचं नाही.

आता मुळात आरारूट हे झाड असतं हेच मला मोठेपणी कळलं. पांढरी पावडर, डबा, घट्टपणा आणायला एक चमचा, एवढीच आमची ओळख. ती कशापासून करतात असा प्रश्न कधी पडला नाही, जसा मिठाबद्दल पडत नाही. मग एकदा कुणाच्या तरी बागेत हळदीसारखं दिसणारं, पण हळदीपेक्षा सडपातळ झाड बघितलं आणि विचारलं तर ते म्हणाले आरारूट. मला वाटलं गंमत करतायत. त्यांनीच दोन कंद दिले, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेली आहे. शास्त्रीय नाव मॅरांटा अरुंडिनेसिया. लिनिअस नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली हे नाव नोंदवलं. त्यातलं मॅरांटा हे बार्तोलोमेओ मॅरांटा नावाच्या 16व्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या आणि वनस्पती-अभ्यासकाच्या नावावरून आणि अरुंडिनेसिया म्हणजे बोरूसारखी. हे दुसरं एकदम पटतं, कारण लांबून बघितलं तर सरळसोट बारीक देठ, त्याला टोकाकडे निमुळती होत जाणारी पानं, खरंच बोरूचं बेट वाटतं. पण याच मॅरांटा घराण्यात ती शोभेची, पानांवर लाल शिरा असलेली चुलत बहीण आहे, जिला प्रेयर प्लांट म्हणतात, मॅरांटा ल्युकोन्युरा. नर्सरीत 'मॅरांटा' मागितलं की बहुतेक वेळा तीच हातात येते. मी एकदा आणली, सहा महिने वाढवली आणि कंद मिळतील म्हणून उकरली. काही मिळालं नाही. ती बिचारी नंतर कधी सावरलीच नाही. हे एक झाड मात्र मी खरंच मारलं.

शिवाय जगात कंदातून पांढरं पीठ निघालं की लोकांनी त्याला सरसकट आरारूट म्हणून टाकलंय. हळदीच्या जातीतली एक वनस्पती आहे, कर्क्युमा अंगुस्तिफोलिया, तिचं पीठ ईस्ट इंडियन आरारूट. कर्दळीच्या कंदाचं ते क्वीन्सलँड आरारूट. टॅक्का नावाच्या झाडाचं पॉलिनेशियन आरारूट. आपल्याकडे तवकीर हा शब्दसुद्धा असाच एकापेक्षा जास्त पिठांना लावतात, त्यामुळे दोन माणसं तवकीर म्हणतायत म्हणजे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं अजिबात समजू नये. आणि आयोडीनचा थेंब टाकून घरी ओळखू म्हणाल तर तेही नाही, स्टार्च कुठलाही असो, निळाच होणार. फरक दिसतो तो मायक्रोस्कोपखाली, दाण्यांच्या आकारात.

'ॲरोरूट' या इंग्रजी नावातला 'ॲरो' म्हणजे बाण कुठून आला याच्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे विषारी बाणाच्या जखमेवर या कंदाचा लगदा बांधायचे, विष ओढून घ्यायला. दुसरी म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या अरावाक लोकांचा 'अरू-अरू' असा शब्द होता, म्हणजे जेवणांचं जेवण, त्याचा अपभ्रंश झाला. पहिली गोष्ट जास्त नाट्यमय आहे, म्हणून तिचाच मला जास्त संशय येतो. पण कंद हातात घेतला की टोक असं अणकुचीदार असतं ना, की बाण आठवतोच.

असो. लागवड.

कंदाचा तुकडा घ्यायचा, त्याला दोन-तीन डोळे हवेत. डोळे म्हणजे पेरापाशी जो छोटा फुगीर ठिपका असतो तो, आल्याच्या कंदावर बघितला असेल तसाच, कारण आलं, हळद, केळ, कर्दळ ही सगळी याचीच भावकी आहे. कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्यायची, नाहीतर ओल्या मातीत तिथूनच कूज सुरू होते. मग आडवा ठेवून दोन इंचांच्या आसपास माती वर. उभा लावायची गरज नाही, त्याला वर कुठे जायचं ते कळतं. ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतो, थंडीत लावला तर दिसतच नाही आणि मग आपण रोज बोट घालून उकरून बघतो, तेही करू नये. मी केलंय. कोवळा कोंब बोटाला लागून मोडतो आणि मोडल्याचा जो बारीक 'टक' आवाज येतो तो पुढे आठवडाभर कानात राहतो.

कुंडी उंच असण्यापेक्षा रुंद हवी. चौदा इंच तरी. कंद आडवे पसरतात आणि पसरायला जागा नसली की कुंडीच्या भिंतीला टेकून वळायला लागतात. वेस्ट इंडिजमध्ये सेंट व्हिन्सेंट नावाचं बेट आहे, एकेकाळी जगातलं सगळ्यात जास्त आरारूट तिथून जायचं, तिथे याच्या दोन मुख्य जाती लावतात, एक क्रिओल आणि एक बनाना. क्रिओलचे कंद लांब, बारीक आणि खोल जाणारे, बनानाचे आखूड, जाड आणि वरच्या वर राहणारे. कुंडीवाल्यांना अर्थातच दुसरी सोयीची. माझ्याकडे कुठली आहे मला कोणी सांगितलेलं नाही, पण आखूड आणि जाड आहेत म्हणून मी माझी समजूत करून घेतलीये. (त्या बेटाचीच अजून एक गंमत म्हणजे विसाव्या शतकात हे पीठ कार्बनलेस कॉपी पेपर करायला वापरायचे. पावतीपुस्तकात वर लिहिलं की खाली आपोआप उमटतं ना, तो कागद. कंद कुठून कुठे जाऊन पोचला बघा.)

माती भुसभुशीत पाहिजे, याच्यात तडजोड नाही. मी साधी माती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि जाड वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं साधारण सारख्या भागात मिसळते. चिकट मातीत कंद वाढतात पण पिळवटलेले निघतात आणि धुताना जीव जातो. निचरा होतोय की नाही हे कुंडी भरण्याआधी बघायचं. भरल्यानंतर बघणाऱ्यांची एक जमात असते, तिची मी कित्येक वर्षं सभासद होते.

पाण्याचं म्हणाल तर मी आता वेळापत्रक ठेवत नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत घालते, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर आहे पण हाताला चिकटत नाही, मुळांना हवाही मिळतेय, ती अवस्था या झाडाला मनापासून आवडते. वर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं की ती टिकते. आणि ऊन सकाळचं दोन-तीन तास पुरे, पुढे झिरपणारा उजेड चालतो. मूळचं झाड अमेरिकेच्या उष्ण भागातलं, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारं, त्यामुळे दुपारच्या उन्हात पानांचा रंग उडतो, विटलेल्या कपड्यासारखा. माणसाने ते लावायला सुरुवात करून सात हजार वर्षं झाली असं पुरातत्त्ववाले सांगतात, तेव्हा ते माझ्या बाल्कनीच्या दिशेशी जुळवून घेईल असं मला वाटलं होतं. नाही घेतलं. मलाच कुंडी हलवावी लागली.

पानांची टोकं तपकिरी झाली तर बहुतेक वेळा हवा फार कोरडी असते किंवा पाण्यात क्षार जास्त असतात. हवा फारच कोरडी असेल तर लाल कोळी येतात, पानाच्या मागे बारीक जाळी दिसते आणि पान वरून पीठ भुरभुरल्यासारखं निस्तेज होतं. पान मागून पुढून ओल्या फडक्याने पुसणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात हमखास उपाय. एक अळी पानाची सुरळी करून आत राहते, ती दिसली की सुरळी उलगडायची आणि तिला बाहेर काढायची, एवढंच. या झाडाला रोगराई तशी कमी. त्याचा खरा शत्रू म्हणजे साठलेलं पाणी आणि काळजी करणारा माणूस.

आता मला ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय तो.

रात्री याची पानं हलतात. शोभेच्या बहिणीइतका ठसठशीत तमाशा नाही, ती तर संध्याकाळी अक्षरशः हात जोडल्यासारखी उभी राहते, पण आरारूटचीही पानं अंधार पडला की थोडी वर उचलतात आणि सकाळी परत पसरतात. देठ आणि पान जिथे जुळतं तिथे एक छोटा फुगीर सांधा असतो, बोटाने चाचपला तर कळतो, जरा गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा. त्याच्या एका बाजूच्या पेशींमध्ये पोटॅशियम आणि पाठोपाठ पाणी शिरतं, दुसऱ्या बाजूच्या पेशींतून बाहेर पडतं, एक बाजू फुगते, दुसरी ढिली पडते आणि पान वळतं. स्नायू नाहीत, नुसती पाण्याची ने-आण. माझ्या लेकीला हे सांगितलं तर ती एक रात्र स्टूल टाकून बघत बसली आणि वीस मिनिटांनी म्हणाली, आई, ते मी बघतेय तोवर हलणार नाही. मग आम्ही फोन टेकवून ठेवला आणि दर पाच मिनिटांनी एक असे फोटो काढले. सकाळी एकामागून एक सरकवून बघितले तर ते झाड रात्रभर हळूहळू श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. अर्ध्या फोटोंमध्ये वाळत घातलेला टॉवेलही आहे पण चालायचंच.

आणि फूल. फूल इतकं छोटं आणि पांढरं असतं की दोन वर्षं मला ते आलेलं कळलंही नव्हतं. पण या कुळातल्या फुलांची करामत अशी, की आतली परागवाहिनी, म्हणजे पराग खाली बीजांडाकडे नेणारी नळी, ताणलेल्या स्प्रिंगसारखी एका टोपीत दाबून बसवलेली असते. कीटकाने आतला एक छोटा खटका हलवला की ती सटकन वळते, जाता जाता कीटकाच्या अंगावरचे पराग खरवडून घेते आणि आपले त्याला लावून देते. सेकंदाच्याही छोट्या भागात होतं हे सगळं आणि एकदाच होतं. पुन्हा स्प्रिंग चढत नाही. मी काडीने करून बघितलं, चार फुलं वाया घालवली, पाचव्याला जमलं. जमलं म्हणजे काय, काहीतरी हललं आणि संपलं. एवढी यंत्रणा असूनही बी क्वचितच धरतं आणि लोक सगळी लागवड कंदावरच करतात. काहीजण तर फुलं खुडून टाकतात, ताकद खाली जावी म्हणून. मला ते जमत नाही. बाकी सगळ्यात मी हिशेबी आहे, इथे नाही.

आमची आई आली होती तेव्हा तिने नेमकी पानं पिवळी पडायच्या दिवसांतच कुंडी बघितली. म्हणाली, "अगं, याला पाणी घालत नाहीस का?" मी म्हटलं मुद्दाम कमी केलंय, आता त्याला झोपायचं आहे. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा झाडाकडे बघितलं आणि काही बोलली नाही, पण दुपारी मी आत असताना तिने गुपचूप एक तांब्या पाणी ओतलं होतं, माती बघून कळलं. मी काय बोलणार, पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं, तांब्याऐवजी बादलीने.

उकरायचा दिवस म्हणजे सण असतो. बहुतेक पानं वाळून आडवी झाली की पाणी बंद करायचं, दहा-पंधरा दिवस माती सुकू द्यायची आणि कुंडी सरळ जुन्या चादरीवर उपडी करायची. खुरपं वापरू नका, कंदाला खरचटलं की तिथून तो बिघडतो. हाताने माती मोकळी करत जायचं. गेल्या खेपेला एका कुंडीतून साडेसहाशे ग्रॅम निघाले. त्यातले डोळेवाले चांगले तुकडे आधी बाजूला काढले, लावायला. हे आधी करायचं. नंतर करू म्हटलं की हाव सुटते.

उरलेल्यांचं पीठ. कंद काढल्यावर फार दिवस ठेवायचे नाहीत. खवले सगळे सोलायचे, हे किचकट काम आहे आणि कितीही कंटाळा आला तरी टाळायचं नाही, खवले राहिले तर पिठाला रंग येतो आणि कडसर चव येते. मग किसून, पाणी घालून मिक्सरमधून काढायचं, मलमलच्या फडक्यातून पिळायचं, चोथ्यात परत पाणी घालून परत पिळायचं. जे गढूळ पाणी येतं ते मोठ्या पातेल्यात रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वरचं मातकट पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी पांढरा थर असतो. घट्ट. बोट जोरात मारलं तर दगड, हळू टेकवलं तर आत बुडतं. लेक त्यात अर्धा तास खेळली, मुठीत धरलं की गोळा, मूठ उघडली की ओघळून खाली. शेवटी मला ओरडावं लागलं कारण ते आमचं अख्ख्या वर्षाचं उत्पन्न होतं.

अजून दोनदा स्वच्छ पाणी घालून, ढवळून, बसू देऊन, वरचं पाणी ओतून द्यायचं. मग ताटात पातळ पसरून, वर फडकं घालून वाळवायचं. कंदाच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग स्टार्च असतो म्हणतात, पण घरच्या मिक्सरला आणि घरच्या पिळण्याला तेवढा कुठला निघायला. माझा निघाला साठ ग्रॅम. लहान बाटली, तीही पूर्ण भरली नाही. पूर्ण वाळल्यावर चिमटीत धरून दाबलं तर करकरतं, कोरड्या वाळूवर पाय पडल्यासारखं, आणि तो आवाज काढायलाच मी ती बाटली चार वेळा उघडली असेल. वापरताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की आधी गार पाण्यात कालवायचं, शेवटी घालायचं आणि जास्त उकळायचं नाही, उकळत ठेवलं तर आलेला घट्टपणा परत सैल होतो. रंग मात्र सुंदर येतो. म्हणजे येतच नाही, काचेसारखं पारदर्शक राहतं.

नवऱ्याने हिशेब मांडला. एक कुंडी, अकरा महिने, माती-खत, पाणी, तीन दिवसांची मेहनत, साठ ग्रॅम. मी म्हटलं पुढच्या वर्षी तीन कुंड्या लावणारे. तो उठून गेला.

तर आत्ता बाल्कनीत तीन रुंद कुंड्या आहेत, वर नुसती माती. सहा आठवडे झाले, थंडी लांबलीये आणि एकाही कोंबाचा पत्ता नाही. मी बोट घातलेलं नाही. कुंडीवर मार्करने तारीख लिहिली होती, पर्मनंट मार्कर होता, दोन आठवड्यांत धुऊन गेला. म्हणून फोनमध्ये अकरा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावून ठेवलंय आणि लेकीने ते बघून विचारलं की आई, हे 'मेलं तरी रडू नकोस' कुणासाठी लिहिलंयस?